पाठीमागचं पाणी

कोरीटहून मी निघालो त्या सकाळी मायनं हातावर दही-साखर ठेवली आणि बजावलं, "मांगे वळीसन दखू नको, भाऊ. आन् मी मरसू तवय तरी येजो." मी मरेन तेव्हा तरी ये, एवढंच तिचं मागणं. नंदुरबारच्या जिनात मी फिटर होतो. तसलीच कापसातली सरकी काढणारी यंत्रं तुर्कस्तानातल्या अदनात बसवायची होती, दोन वर्षांचं काम. बैलगाडी वेशीबाहेर पडेपर्यंत माझी मान अवघडली, पण वळलो नाही. नाना, तू थोरला भाऊ, गाडी हाकता हाकता मला हसत होतास. तुला नसेल आठवत.

अदनाही कापसाचंच गाव. तेच ऊन, तीच रुई नाकातोंडात. भाषेचं मात्र एक अक्षर कळेना. हातिजेबाईंकडे मी राहायला होतो. एकटी म्हातारी, मुलगा युसुफ लढाईवर गेला तो परतलाच नाही. त्याचे बूट अजून पुसून भिंतीशी ठेवलेले. बाईंनी मला तान्ह्या पोरासारखं शिकवायला घेतलं. सू म्हणजे पाणी. एकमेक म्हणजे रोटी. हे पाठ करताना मला हसू आवरेना. त्यांच्यात एक स्वर आहे, ओठ शीळ घालायला काढावेत आणि आतून 'ई' म्हणावं. तो जमेना तेव्हा बाई चिमटीत माझे ओठ धरून पुढे ओढायच्या. तिशीतला मिशाळ गडी मी, मुकाट ओढून घ्यायचो. आणि प्रत्येक वाक्याआधी त्या एक बारीकसा श्वास आत घ्यायला लावायच्या. मला वाटलं, तुर्की बोलायची रीतच तशी असेल.

त्याच सुमारास तिथल्या सरकारनं जुनी लिपी मोडून इंग्रजी वळणाची अक्षरं आणली. म्हातारेकोतारेही पाटी घेऊन बसले. यंत्रांवरच्या पट्ट्या वाचून वाचून मला ती अक्षरं ठाऊक होती, अर्थ येत नव्हता. बाईंचं उलट. मग संध्याकाळी मी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचो. वाचायचो मी, कळायचं त्यांना. बाई डोळे मिटून, त्या बुटांकडे तोंड करून ऐकायच्या.

एकदा कापूसबाजारात एका म्हाताऱ्या तोलाऱ्याला मी मागून भाव विचारला. त्याच्या हातातलं वजन खाली पडलं. वळून माझं तोंड बघत तो म्हणाला, "असा श्वास घेऊन फक्त हातिजेचा युसुफ बोलायचा." ती सवय मोडायचा मी चंग बांधला. पण श्वास घेतल्याशिवाय माझं वाक्य सुरूच होईना.

त्यात ते पाणी. रोज सकाळी मी कामाला निघालो की बाई दारात येऊन वाटीभर पाणी माझ्या पाठीमागे फेकायच्या. आपल्याकडे घरातून माणूस गेल्यावर पाणी कधी ओततात ते तुम्हाला सांगायला नको. तिरडी उचलली की बायका घर धुऊन काढतात. आणि इथं धडधाकट माणूस डबा घेऊन चाललाय, अन् मागे सपकन आवाज! मला वाटू लागलं, ही म्हातारी मला रोज थोडं थोडं मारतेय आणि रिकाम्या जागी लेकाला भरतेय. ऐकलेलं थोडं कळू लागलं होतं, पण हे विचारायला शब्द नव्हते. मायला पत्र लिहायला बसलो की पहिल्या अक्षराआधी तो श्वास आपोआप आत जायचा. मग मी कागद बाजूला सारायचो. माझ्या हातून लिहिणारा भलताच असला तर? नाना, वर्षभर माझं पत्र आलं नाही ते यामुळे. तू मला आळशी ठरवलंस. मी भ्यालो होतो.

दुसऱ्या हिवाळ्यात शेवटी वाक्य जुळलं आणि मी विचारलं, पाणी का फेकता? बाईंना नवल वाटलं. म्हणाल्या, "पाण्यासारखा जा, पाण्यासारखा परत ये, म्हणून. युसुफ निघाला तेव्हा घागर रिकामी होती. मी पाणी आणीपर्यंत तो वळणाआड गेला."

मला माझीच लाज वाटली. त्याच दिवशी मायला लिहिलं, काम संपत आलंय, येतोय. उत्तर आलं ते तुझं, नाना. मायला जाऊन चार महिने झाले होते. मी आलो का म्हणून शेवटपर्यंत दाराकडे बघून विचारत होती, "भाऊ उना का?"

पत्र हातात धरून मी हातिजेबाईंना पहिल्यांदा 'आन्ने' म्हटलं. म्हणजे आई. इतके दिवस त्या म्हणायला लावत होत्या आणि मी टाळत होतो. त्या दिवसापासून 'त्या'ची 'ती' झाली. परतायचं मग राहिलंच. नाना, तू होतास, शेत होतं. पण त्या दारात पाय ठेवायची माझी छाती झाली नाही.

आन्ने जाऊन आता सहा वर्षं झाली. घरात मी एकटाच आहे. तुम्ही पत्रातून विचारता, आता तुझं घर कुठलं? काय सांगू? सकाळी मी कुलूप लावतो, पायरी उतरतो, चार पावलं जातो. मागे सपकन पाणी पडल्याचा आवाज होतो. संध्याकाळी येतो तेव्हा पायरी कोरडी असते. अदनाच्या उन्हात काय टिकणार. माय की आन्ने, दोघींपैकी कोण असते, हे एकदा वळलं तर कळेल. रोज मान अवघडते. पण मायनं नको म्हटलंय.