मालिनीताईंनी वगळलेले प्रकरण

डॉ. मालिनीताईंची आणि माझी पहिली भेट एका एसटी थांब्यावर झाली. मी घाटावरून रत्नागिरीला आलेली, ताईंच्या मार्गदर्शनाखालची वनस्पतिशास्त्राची नवी संशोधक विद्यार्थिनी. खांद्यावर जडशीळ पिशवी आणि डोक्यात अख्खी देवराई पालथी घालण्याचा बेत. ताईंनी मला न्याहाळले आणि विचारले, "गावात कुणाशी बोललीस का?" बोलले नव्हते. त्या दिवशी आम्ही देवराईत पाऊल टाकलेच नाही. देवळाच्या ओट्यावर चहा प्यायलो, काय पाहायला आलो आहोत ते लोकांना सांगितले आणि परत फिरलो. मला तर दिवस फुकट गेल्यासारखे वाटले.

ताईंच्या कामाची ही रीतच होती. आधी विचारायचे, मग पाहायचे आणि जे लिहिले ते छापण्याआधी गावाला वाचून दाखवायचे. तेही मराठीत, देवळात, सगळ्या वाड्यांना बोलावून. गावाने नको म्हटले ते काढून टाकायचे. ऐकायला हे सोपे आहे. निभावताना किती जड जाते, ते मला माझ्या प्रबंधाच्या वेळी कळले.

त्या देवराईत मला एक दुर्मिळ वेल सापडली होती. ती कुठे कुठे आहे याचा नकाशा हेच माझे सर्वांत भक्कम प्रकरण. वाचन झाले, कौतुकही झाले. मग देवराईला लागून घर असलेल्या पार्वतीकाकी उठल्या. म्हणाल्या, "बाय, तू लिवलंस ता सगला ब्येस. पन येलीचा ठिकाना नको छापू. तिच्या मुल्या खनून न्यायला मानसा गोनी घेऊन येतील. तू जाशील रत्नागिरीला, हितं आमी कुनाकुनाला आडवू?" सगळ्यांच्या माना हलल्या. ताईंनी तिथल्या तिथे सांगून टाकले, "ते प्रकरण वगळू."

परतताना मी ताईंशी भांडले. परवानगी तर गावानेच दिली होती ना? ताई शांतपणे म्हणाल्या, "आत यायची दिली होती. साऱ्या जगाला वाट दाखवायची नव्हे." प्रबंध लांबला. माझ्या बरोबरीचे नोकरीला लागले आणि मी पुन्हा नोंदी घेत बसले. पण ताईंनी मला वाऱ्यावर सोडले नाही. दर रविवारी घरी बसवून त्यांनी उरलेली प्रकरणे ओळ न् ओळ तपासली, आग्रहाने जेवू घातले आणि परीक्षकांपुढे नकाशा नसल्याची जबाबदारी स्वतःवर घेतली. तरीही, सगळेच प्रकरण गाळायला हवे होते का, याबाबत आमचे आजही एकमत नाही. ताईंना ते ठाऊक आहे आणि त्यांनी ते कधी मनात धरले नाही.

ताई आता पंचाहत्तरीच्या झाल्या. हा लेख घेऊन गेले, तर न वाचताच म्हणाल्या, "आधी गावात वाच." म्हणून गेले. देवराई दाट आहे, वेलही आहे. थकलेल्या काकींनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "आमच्या गावाचा नाव काढून टाक. बाईंचा ऱ्हाऊ दे." म्हणून वाचकांना इथे गावाचे नाव सापडणार नाही. काकींचे नावही मी बदलले आहे.

मालिनीताईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, हे वाक्य मात्र सगळ्या देवळाने मला पुन्हा वाचायला लावले.