वाट्याचा नियम

खेळाची नवी आवृत्ती आली की आमच्यातली निम्मी माणसं ती न वाचताच नापास करतात. त्या निम्म्यांत मी पहिली, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

आमचा खेळ टेबलाभोवती बसून खेळायचा. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात आणि पात्रांचं पुढे काय होणार ते फासे आणि नियमांचं जाडजूड पुस्तक ठरवतं. गेली नऊ वर्षं दर रविवारी सकाळी आम्ही चौघं इंदूरच्या छत्रीबागेत, गोष्ट सांगणाऱ्या मित्राच्या घरी जमतो. तो भंवरकुआंला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. घराणं चार पिढ्या इथलंच, त्यामुळे त्याच्या मराठीत निम्मी हिंदी. मी सांगलीहून नोकरीसाठी आलेली.

त्या रविवारी पोह्यांच्या बश्या उचलल्या गेल्या आणि त्यानं नवं पुस्तक टेबलावर ठेवलं. "आता अपन यावर खेळू. बहोत बढिया केलंय भिया, लढाई फटाफट संपते."

मी पुस्तक भराभर चाळलं आणि मिटलं. "वाटा कुठंय?"

वाटा म्हणजे आमचा सगळ्यात लाडका नियम. एखादं पात्र मरायला टेकलं की शेजारच्यानं आपल्या पात्राचे निम्मे प्राण त्याला द्यायचे. दोघंही अर्धमेले, पण जिवंत. नव्या पुस्तकात त्याचा मागमूस नव्हता. मग माझी गाडी सुटली. खेळाचा जीवच काढून घेतलाय, हे लिहिणाऱ्यांनी जन्मात कधी फासा टाकला नसणार, आणि असं बरंच काही. शेवटी मी उठून उभी राहिले. "यावर खेळायचं तर माझी खुर्ची काढा." आणि मी ते मनापासून म्हणत होते.

बाकीचे दोघं खाली बघत बसले.

"थांबा, जुन्यातून वाचूनच दाखवते," म्हणून मी त्याचं जुनं पुस्तक ओढलं. मरणाचं प्रकरण पाहिलं, उपचारांचं पाहिलं, मागची सूची दोनदा वर-खाली केली. नऊ वर्षांत हा नियम उघडून बघायची मला कधी गरजच पडली नव्हती.

"नाही मिळणार," तो म्हणाला. "वो मीच बनवला होता."

"कधी?"

"तुझ्या पहिल्या दिवशी. तासाभरात तुझी तिरंदाज मरत होती. तू पर्स उचलून सगळ्यांना थँक्यू म्हणायला लागलीस. मला वाटलं, ही आता गेली तो गेली, वापस नाही येणार. तो मैंने बोल दिया, की पुस्तकात असा नियम आहे."

खरंच नसते आले. तेव्हा महिनाभर या शहरात ऑफिसच्या कामाखेरीज माझ्याशी कुणी बोललं नव्हतं आणि बदलीचा अर्ज लिहून तयार होता. ज्या नियमासाठी मी तावातावानं भांडत होते, तो या माणसानं मला थांबवायला रचला होता. मला भरून आलं. रागही आला.

"इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तू इतनी खुश होतीस ना त्या नियमावर."

मी परत खुर्चीत बसले.

"खेळू नव्यावर," मी म्हटलं. "तिरंदाज मेली तरी पुढच्या रविवारी मी येणारच आहे."