कशावरून?

आमची शाळा अमेरिकेतल्या टूसॉन शहराच्या दक्षिण टोकाला, एका बंद पडलेल्या सुपरमार्केटमध्ये भरते. पैसा सरकारचा, अभ्यासक्रम मात्र आमचा. मी इथे अकरा वर्षं रसायनशास्त्र शिकवतोय आणि ओफेलिया बराझाबाईंना तेवढीच वर्षं घाबरतोय.

बाई भूमिती शिकवतात. जिथे पूर्वी मटण विकायचे, तिथे त्यांचा फळा. आमच्याकडे सोपी तुकडी, कठीण तुकडी असला प्रकार नाही. वर्षाअखेर प्रत्येक मुलाने फळ्याशी उभं राहून एक प्रमेय सिद्ध करायचं. वर्गातल्या कोणीही मध्येच विचारायचं, "कशावरून?" पुस्तकात लिहिलंय, बाईंनी सांगितलंय, हे उत्तर चालत नाही. तीनदा संधी, मग वर्ष परत.

हा हट्ट कुठून आला ते मला ठाऊक आहे. बाई तांब्याच्या खाणीतल्या कामगाराची मुलगी. शाळेने परस्परच त्यांना शिवणाच्या वर्गात बसवलं होतं. "तुला गणित काय करायचंय?" एवढंच विचारलं. बाईंनी तिशी ओलांडल्यावर गणिताची पदवी घेतली. तो प्रश्न अजून त्यांच्या डोक्यातून गेलेला नाही.

यंदा रेनाता दोनदा नापास झाली. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन, एवढंच सिद्ध करायचं होतं. शिरोबिंदूतून समांतर रेषा काढली, व्युत्क्रम कोन समान म्हणाली. मागून प्रश्न आला, "कशावरून?"

"दिसतंय की!"

दोन्ही वेळा हेच. तिची आई हॉटेलच्या लाँड्रीतून तशीच धावत आली.

"बाई, सोडा ना तिला. भूमिती काय चाटायचीय?"

"मला सोडलं होतं, सेन्योरा. फार लांब जाऊन पडले मी."

आई रडली. मला बाईंचा रागच आला, खोटं कशाला बोलू?

त्यातच शाळेच्या संचालक मंडळाची बैठक लागली, पालक-मुलांनाही खुली. अध्यक्ष हॅल्स्टेड यांना फळ्याची परीक्षा बंद करून तिचे सहा आठवडे राज्याच्या चाचणीच्या सरावाला द्यायचे होते.

"या वस्तीतल्या मुलांना हे झेपत नाही," ते म्हणाले.

बाई उभ्या राहिल्या. "कशावरून?"

"अहो, दिसतंय की!"

"या उत्तरावर मी एका मुलीला दोनदा नापास केलंय, सर. तुम्ही पहिल्यांदाच बोललात, म्हणून अजून दोन संधी देते."

सगळे हसले. रेनाता आईशेजारी बसली होती, ती मात्र हसली नाही. हसून मतं थोडीच मिळतात? चार विरुद्ध तीन. परीक्षा बंद झाली, आणि रेनाता पास.

गुरुवारी तिची तिसरी संधी असणार होती. त्या दिवशी बाकांवर सराव-पुस्तिकांचे गठ्ठे होते. बाईंनी ते उचलून खिडकीत ठेवले.

"परीक्षा नाही. कोणावर सक्ती नाही. फळा मोकळा आहे."

कोणी हललं नाही. मग रेनाता उठली.

"तू पास आहेस गं, येडे!" कोणीतरी म्हणालं.

"मला पास केलंय. मी झाले नाहीये," ती म्हणाली आणि खडू घेतला.

त्रिकोण. समांतर रेषा. व्युत्क्रम कोन समान. तिच्या वाटेत यायची कोणाची छाती होईना. विचारलं बाईंनीच.

"कशावरून?"

"असमान असते, तर एका बाजूचे आतले दोन कोन मिळून दोन काटकोनांहून कमी भरले असते. मग रेषा त्या बाजूला भेटल्या असत्या. समांतर रेषा भेटत नाहीत."

सुटली, असं दारात उभं राहून बघताना मला वाटलं. पण बाई कसल्या सोडतात!

"कमी भरले की भेटतात, हे तरी कशावरून?"

खडू तिच्या बोटांत फिरत राहिला.

"ते सिद्ध केलेलं नाही, बाई. ते आपण पहिल्या दिवशी सगळ्यांनी मिळून गृहीत धरलंय." मग ती वर्गाकडे वळली. "आपल्याला झेपत नाही, हे मात्र आपण कधी धरलं नव्हतं."

बाईंनी डस्टर उचललं, पण फळा पुसला नाही. "पुढचा कोण?" त्यांनी विचारलं, आणि एकोणीस हात वर आले.