पांढरा कुलंग

गेवराई तालुक्यात, तलवाड्याच्या पलीकडे, गोदावरीकाठी आमचे शेत होते. निजामाचे राज्य होते आणि सरकारी कागदावर बीड जिल्ह्याचे नाव भीर असे येई. पावसाळा सरला की नदीतली वाळू उघडी पडे आणि दिवाळीच्या सुमारास उत्तरेकडून कुलंग उतरत. राखाडी, उंच मानेचे पक्षी. रात्री वाळूवर थांबत, सकाळी हरभऱ्यात शिरत. शेजारचे शेतकरी त्यांना हाकलत. माझे वडील गावचे पाटील. ते आधी नीट पाहून घेत, मग हाकलत.

त्यांना जोडीदार होता गेवराईचा एक बागवान. आमची जांबांची, म्हणजे पेरूंची, बाग तो मक्त्याने घेई. तोडणीच्या दिवसांत तो शेतावरच राही, आणि मग पहाटे दोघे काठावर जाऊन बसत. पक्ष्यांचे पुस्तक आमच्याकडे नव्हते. असते तरी ते दोघांनाही वाचता आले नसते, कारण ते इंग्रजीत असते. चोच, पाय, उडण्याची तऱ्हा यांवरून ते ओळख ठरवत. वडिलांनी एकदा राजहंस पाहिल्याचे सांगितले तेव्हा बागवान म्हणाला होता, "मी बगितला न्हाई, म्हंजे आला न्हाई." तेव्हापासून दोघांनी पाहिला तरच पक्षी खरा, असे ठरून गेले. पुढे वर्तमानपत्राच्या कचेरीत, बातमी दुसऱ्या तोंडून पक्की करून घ्या, असे मला शिकवले गेले. मला त्यात नवे काही वाटले नाही.

एका वर्षी वडील लग्नाला परळीला गेले होते. परत आले त्या दिवशी चावडीवर तहसीलदार दौऱ्यावर आलेले, गावातली माणसे जमलेली. बागवान जांबांची टोपली घेऊन आला आणि टोपली खाली ठेवायच्या आधीच बोलू लागला.

"पाटील, पांढरा कुलंग बगितला. कापसावानी. तोंड तेवढं लाल."

"ढोक असंल."

"ढोक मला कळत न्हाई व्हय? ढोक उभा असला तरी पाठीमागं काळा दिसतो. ह्यो उभा होता तवर निस्ता पांढरा. उडला तवा पंखाची टोकं काळी निघाली."

तहसीलदारांना शिकारीची हौस होती. त्यांनी वडिलांना विचारले, "पाटील, तुम्ही पाहिला?"

"मी पाहिला नाही," वडील म्हणाले. एवढे खरे होते. मग त्यांनी जोडले, "बागवानानं जांबाच्या पानाआडून बगळा बगितला असंल."

चावडी हसली. तहसीलदारही हसले. बागवान हसला नाही. "मी कवा किडका जांब गोड म्हणून इकलाय का, पाटील?" त्याने विचारले. वडिलांच्या मते ती थट्टा होती.

थट्टा गेवराईच्या बाजारात पोचली. गिऱ्हाईक जांब हातात घेऊन विचारी, "चाचा, लाल निघंल का पांढरा कुलंग निघंल?" बागवानाचा मुलगा दुकानावर बसू लागला तरी 'पांढरा कुलंग' हे नाव सुटले नाही. बागवान दरवर्षी येत राहिला. मक्ता मुलाने घेतला तरी तो कुलंगांच्या दिवसांत येई आणि काठावर बसे. वडील बरोबर जात. पांढऱ्या पक्ष्याचा विषय दोघेही काढत नसत. पण थवा उतरला की बागवान एकेक पक्षी पाहून घेई आणि शेवटचा पाहून झाला की धोतराला लागलेली वाळू झाडी.

पुढे त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तो पिकेपर्यंत हकिमाने थांबायला सांगितले. त्या वर्षी मुलाने त्याला बैलगाडीने आणून सोडले. मी सुटीत घरी होतो. सकाळी आम्ही तिघे काठावर गेलो. धुके विरले तेव्हा पलीकडच्या वाळूवर थवा होता, आणि त्याच्या कडेला एक पक्षी पूर्ण पांढरा. इतरांपेक्षा उंच. तोंड लाल.

वडिलांनी तो आधी नीट पाहून घेतला. मग म्हणाले, "बागवान, हाय."

"काय हाय?"

"तुमचा पांढरा. डाव्या अंगाला, पाण्याजवळ."

बागवानाने मान तिकडे वळवली. डोळे बारीक केले, हाताची सावली धरली. "मला धुकंच दिसतंय," तो म्हणाला.

"धुकं गेलं. ह्यो उभा हाय बगा. निस्ता पांढरा. तुमी म्हनला होता तस्साच."

बागवान हसला. "ऱ्हाऊ द्या, पाटील."

"अहो, खरंच हाय! इचारा पोराला."

मी सांगितले की आहे. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पोरगं बापाच्या शब्दाभाईर कसं जाईल?"

वडिलांनी गळ्याची शपथ घेतली. "शपथ कावून घेता?" बागवान म्हणाला. "आता म्हातारा झालो म्हणून माझं मन राखताय. तुमी लई चांगलं माणूस. पण खोटं बोलायला तुमाला जमत न्हाई."

पांढऱ्याने आपला वेगळा आवाज दिला असता, तर त्याला कानाने तरी पटले असते. वडील त्यासाठीच थांबले होते, हे मला नंतर कळले. पांढरा उभा राहिला, चोचीने पंख साफ करत राहिला. मग दुसऱ्या काठाला कुणी गोफण फिरवली आणि थवा उठला. सगळे एकदम ओरडू लागले आणि त्या कल्लोळात एकाचा आवाज निवडणे शक्य नव्हते. पांढऱ्याच्या पंखांची टोके काळी निघाली. वडील उभे राहून मोठ्याने सांगत होते, "काळी हायत, बागवान, टोकं काळी हायत," आणि बागवान पाहुण्याचे बोलणे ऐकावे तशी मान हलवत होता.

बाजारात जाऊन चारचौघांत सांगतो, असे वडील त्या दिवशी म्हणाले. गेलेही. लोकांनी ऐकून घेतले. पाटील थकल्या मित्राची बाजू घेतात, याचे त्यांना कौतुक वाटले.