चिकटवलेली पानं

१२ मे १९४८. उडदाचे पापड लाटून वाळत घातले. कादंबरीताईशिवाय लाटलेले हे पहिलेच पापड, म्हणून तिच्याबद्दल लिहून ठेवते.

न उघडलेली पानं वाचून दाखवणारी बाई मी एकच पाहिली. कोर्टातून निवृत्त झालेल्या, आमच्या शेजारच्या शिरस्तेदारांची ही एकुलती मुलगी. घरात आलेली प्रत्येक कादंबरी आधी शिरस्तेदार वाचत. नायक-नायिका एकांतात भेटली की ती पानं खळ लावून चिकटवून टाकत, मगच पुस्तक मुलीच्या हाती. तिशीला टेकलेल्या मुलीच्या लुगड्याचा रंगही तेच ठरवत आणि आलेली स्थळंही तेच परतवत.

वाळवणाच्या दिवसांत आम्ही बायका माझ्या ओसरीवर पापड लाटायचो आणि ताई वाचायची. चिकटलेली पानं आली तरी तिचा आवाज अडखळत नसे. मधलं सगळं ती तिथल्या तिथे रचायची, संवादांसकट. आम्हाला पत्ताच नव्हता. पुढे एकीने तीच कादंबरी दुसरीकडून आणून वाचली आणि म्हणाली, "छापलेली फिकी आहे गं. ताईची बरी." मी चाट पडले.

पण ऐकता ऐकता एक ध्यानात आलं. तिचे सगळे नायक एकाच वळणाचे. नायिकेच्या हातातलं पुस्तक काढून घेणार, "उन्हात जायचं नाही" म्हणून दटावणार, आणि ती मान खाली घालून विरघळणार.

"ताई, तुझ्या प्रत्येक नायकाला शिरस्तेदारांच्या मिशा कशा गं?" मी एकदा विचारलं.

ती हसली. "ज्याला माया असते तोच अडवतो, वहिनी."

मागच्या उन्हाळ्यात सोनईचे एक बिजवर मास्तर तिला पाहायला आले. शिरस्तेदारांसमोरच त्यांनी ताईला विचारलं, "मी तुम्हाला पसंत आहे का?" शिरस्तेदार रागावले ते सोडा, ताईच माझ्याकडे येऊन म्हणाली, "असला कसला पुरुष? मलाच विचारतो. मी नाही म्हणून कळवणार."

मी समजूत घालत बसले नाही. म्हटलं, "कळव. मास्तर उद्यापर्यंत इथे नातलगांकडे आहेत. आज दुपारी त्यांना गोष्टीत घाल. कसे वागतात बघू."

दुपारी चिकटलेली पानं आली. ताईच्या नायकाने नायिकेला विचारलं, "तुझ्या मनात काय आहे?" आणि ताई गप्प झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आमची लाटणी थांबली.

मळ्यातून पापड लाटायला येणारी हौसाबाई म्हणाली, "बोल म्हणावं की तिला. त्यो बिचारा कवाचा हुबा हाय."

"तिला ठाऊकच नाही, हौसाबाई," ताई म्हणाली. "तिला कुणी विचारलंच नव्हतं."

"मंग तसं सांगावं त्याला. त्यात लाजायचं काय?"

कसलीही प्रकरणं उभ्या उभ्या रचणारी ही बाई. एखादं खोटं उत्तर रचलं असतं तर आम्ही खुशाल मानलं असतं. तिने पुस्तक मिटलं. त्या दुपारी ती मला फार मोठी वाटली.

पुढे पुष्कळ विचार करून तिने होकार दिला आणि दिवाळीनंतर ती सोनईला गेली. पण त्या दुपारनंतरच्या सकाळी मास्तर परत निघाले, तेव्हा ताई वडिलांना न विचारता मोटारींच्या अड्ड्यावर गेली. सोबतीला मी.

"उत्तर देईन," ती त्यांना म्हणाली, "पण वेळ लागेल. मला सवय नाही."

मास्तर "बरं" म्हणाले आणि मोटारीत चढले.

आम्ही परतलो तेव्हा शिरस्तेदार दारात उभे होते. "कुठे गेली होतीस?"

"मोटारींच्या अड्ड्यावर," ताई म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.