चार बोटं जाड तळ

एल्दा गावात बूट शिवणाऱ्या बायका पुष्कळ, पण व्हिसीमावशीच्या हाताची सर कुणाला नव्हती. तिची लेक फुएनसांता, मी आणि शेजारची दोघं मिळून आमचा ‘लॉस रेगालिसेस’ बँड निघाला, तेव्हा आमचे लाल बूट तिनंच शिवले. वर्षभरात आम्ही टीव्हीवर. गाणी म्हणजे निव्वळ गोळ्या-चॉकलेटं, पण अख्खा स्पेन चघळत होता.

मॅनेजर बाल्दोमेरोसाहेबांचा एकच कायदा होता: चारही डोकी एका रेषेत दिसली पाहिजेत, ज्याचं वर जाईल तो घरी. आणि आमच्यातला खरा गळा ज्या फुएनसांताचा, तीच भराभर वाढत होती.

मावशीनं कुरकुर केली नाही. आम्हा तिघांच्या बुटांना चार बोटं जाड तळ लावले, लेकीचे सपाट ठेवले, आणि वरून जमिनीला टेकणाऱ्या पायघोळ पँटी. दीड वर्ष साहेबांना पत्ता लागला नाही.

घाण मी केली. सप्टेंबरच्या जत्रेत भरदुपारी कार्यक्रम संपला, पाय भाजत होते. मी बूट भिरकावले आणि फुएनसांताशेजारी थंडगार ओर्चाता प्यायला उभी राहिले. माझं डोकं जेमतेम तिच्या भुवयांपर्यंत पोचत होतं. साहेब समोरच होते.

संध्याकाळी आम्ही चौघं मावशीकडे असताना ते आले. सोमवारी दुसरी मुलगी येतेय, म्हणाले. लेकीचेच बूट तिला द्या, पाय जरा मोठा असला तरी दाबून बसेल.

मावशीनं शिवणयंत्र थांबवलं.

“मी पायाच्या मापाचा बूट शिवते, साहेब. बुटाच्या मापाचा पाय कुठं मिळतो ते तुम्ही शोधा.”

“बँड बुडेल, बाई.”

“बुडू दे. माझी पोर काही बुडत नाही.”

मी माझे बूट तिच्या टेबलावर ठेवले. मागोमाग त्या दोघांनीही. असा आमचा बँड संपला. फुएनसांता आजही गाते, ताठ उभी राहून.

साहेब गेल्यावर मला रडू आवरेना. सगळं माझ्यामुळं झालं, म्हटलं. मावशीनं माझा पाय मांडीवर घेतला, मापाची फीत लावली.

“एन्कार्ना, तुझाही पाय वाढलाय गं,” ती म्हणाली. “आणि मी बाई तुला जुन्याच मापात कोंबत होते.”