तेल पुसून ठेवलेला शॉकअप

मंडळी, घरी येऊन दोन चहा झाले, तरी मन थाऱ्यावर नाही.

आज बारामती एमआयडीसीमागं भंगाराच्या दुकानात माझ्या व्हॅनसाठी जुने शॉकअप बघायला गेलो. मोडीतल्या एका व्हॅनची मागची जोडी समोर बसून काढून घेतली. एक उभा धरून दाबला. निम्म्यापर्यंत जड गेला, मग एकदम पोकळ, आणि आतून खट् आवाज.

"शेठ, हा कामातनं गेलाय."

"कान लई तिखट तुमचं, आबा! ऱ्हाऊ द्या, दुसरा कोन तरी नेईल."

दुकानदारानं त्यातनं गळलेलं तेल फडक्यानं पुसलं आणि जोडी पुढं मांडली.

तेवढ्यात लासुर्ण्याचा एक व्हॅनवाला आला. शाळेची पोरं ने-आण करतो म्हणाला. मी लगेच सांगितलं, "पाव्हणं, आधी दाबून बघा. एक खराब हाय, वळणावर गाडी हेलकावं खाईल."

तो हसला. "मालाला नावं ठिवून तुमालाच न्यायची दिसतीय, आबा!" आणि जोडी घेऊन गेलासुद्धा.

लासुर्ण्यात कुणाची पोरं व्हॅननं शाळेत जातात? भंगारातनं जुने शॉकअप आणून बसवलेत का, गाडीवाल्याला आजच विचारा. माझं त्यानं ऐकलं नाही, पोरांच्या आईबापाचं ऐकेल.